भिंतीवर टांगायचा टीव्ही

२ ऑक्टोबर २०१२, मंगळवार

टीव्ही आज पुन्हा हिरवा झाला. नायक हिरवा, नायिका हिरवी, खलनायकाची पांढरी गाडीही हिरवी. डब्याच्या डोक्यावर दोन थपडा दिल्या तेव्हा नायक बरा झाला, नायिका तशीच राहिली. तिसरी मारणार तेवढ्यात नागपूरहून तिलकचा फोन. पोरगा सुट्टीच्या दिवशी न चुकता फोन करतो आणि न चुकता तेच बोलतो — "आई, मंडई झाली का घराले कुलूप लाव अन् इकडे ये. एकटी कायले राहून राहिली तिथं?"

आमच्या दवनीवाड्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, दिवाळीनंतर आठ दिवसांनी भरते. म्हणजे मला मुदत दीड महिन्याची.

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हटलं, दूध उतू चाललंय, ठेवते. घरात दूध नव्हतंच.

एकतीस वर्षं इथल्या उपकेंद्रात नर्स होते. आसपासच्या बारा गावांत माझ्या हातावर न जन्मलेलं पोर शोधावं लागेल. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हाही मला उचलून दुसरीकडे ठेवायची भाषा कोणी केली नाही. ऑगस्टात निवृत्त झाले आणि एका दिवसात मी सामान झाले. तिलकच्या डोक्यात माझी जागासुद्धा ठरली आहे — फ्लॅटची मागची खोली, जिथे आता कूलर ठेवतात.

ठरवलं! नवा टीव्ही घ्यायचा. मोठा. भिंतीला भोकं पाडून टांगायचा. पोराशी वाद घालत बसण्यापेक्षा हे बरं. भिंतीतली भोकं पाहिली की त्याला आपोआप कळेल, आई इथेच राहणार आहे.

३ ऑक्टोबर

सुशिलाबाईला सांगितलं. शेजारीण आहे, शिवणकाम करते, दिवसातून चारदा माझ्याकडे येते. म्हणाली, "बाई, तुमाले सिनेमाचा एवढा शौक हाय, मले मालूमच नव्हतं."

कसा मालूम असणार? एकतीस वर्षांत एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. रविवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा, मी चहा घेऊन बसायची, आणि तासाभरात दारात सायकल. "सिस्टर, चला जी, कळा सुरू झाल्या." उठायचं, पिशवी घ्यायची, मागे बसायचं. यांनी दोनदा गोंदियाच्या टॉकीजमध्ये नेलं, तर दोन्ही वेळा शेवटची बस चुकेल म्हणून अर्ध्यातून उठलो. सुरुवाती मला शेकडो पाठ आहेत. शेवट एकही नाही. माझ्यापुरते जत्रेत हरवलेले भाऊ अजून हरवलेलेच आहेत आणि त्यांची आंधळी आई अजून आंधळीच आहे.

दुसऱ्या दिवशी लोकांना विचारायची, शेवटी काय झालं? कोणी म्हणे लग्न झालं. कोणी म्हणे मेला. एकाच सिनेमाबद्दल!

तर टीव्ही सिनेमासाठी. साफ दिसणारा, एचडीवाला. मालिकांसाठी नाही, बातम्यांसाठी तर नाहीच नाही. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सिनेमा पाहायचा आणि मध्ये कोणासाठीही उठायचं नाही. एवढंच मागणं आहे.

६ ऑक्टोबर, शनिवार

सुशिलाबाईला घेऊन गोंदियाला जाऊन आले. गोरेलाल चौकाजवळ मोठं दुकान आहे. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर पोपट. मग मासे. मग चिरलेलं टरबूज. मग पुन्हा पोपट. सेल्समनला म्हटलं, सिनेमा लावा. तो म्हणाला, "मॅडम, दुकान में यही चलता है. कलर देखिए ना, कलर." मी म्हटलं, मला पोपट विकत घ्यायचा नाही.

एचडीत दोन जाती आहेत. एक एचडी रेडी, एक फुल एचडी. रेडी म्हणजे तयार ना? तयार असेल तर फुल कशाला? त्याने दहा मिनिटं समजावलं. पिक्सेल म्हणे, लाइन म्हणे. शेवटी मीच माझ्या परीने समजून घेतलं — रेडी म्हणजे दिवस भरलेत पण अजून कळा नाहीत, फुल म्हणजे बाळ हातात. विचारलं, बरोबर? तो लाजून म्हणाला, "करीब करीब, मॅडम." त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं कमी केलं.

मग दोन्ही जाती शेजारी शेजारी लावून दाखवल्या. "फरक देखिए." पाहिलं. मागे सरकून पाहिलं. पुढे जाऊन पाहिलं. मला काही फरक दिसेना. सुशिलाबाई मात्र — "बाई, हा डाव्या हाताचा त एकदम साफ हाय. पोपटाचं पीस न् पीस दिसून राहिलं."

मला पोपट दिसला. पीस नाही दिसलं.

हो हो, फरक आहे, असं म्हणून काही न घेता निघाले. दुकानदाराने चहा पाजला होता, म्हणून सुशिलाबाई त्याच्या बाजूने बोलली असणार.

७ ऑक्टोबर, रविवार

तिलकला टीव्हीचं सांगितलं. तो म्हणाला — "बत्तीसचा घे आई. अन् भिंतीवर नको टांगू, स्टँडवर ठेव. मंग इकडे आणाले बरं."

इकडे आणाले! म्हणजे टीव्हीचीही जागा ठरली. बहुतेक कूलरच्या वर.

चाळीसच घेणार.

१३ ऑक्टोबर, शनिवार

आज तयारीने गेले. उपकेंद्रातला डोळे तपासायचा जुना तक्ता टाकून देणार होते, तो निवृत्तीच्या दिवशी मी घरी आणला होता. तो घेतला आणि वीस फुटांची सुतळी घेतली. डोळ्यांच्या शिबिरात आम्ही असंच करायचो. माणसाला वीस फुटांवर उभं करायचं, वरून खाली अक्षरं वाचायला लावायची, कुठे अडखळतो ते लिहायचं. माणसाला जो नियम तो टीव्हीला लावला तर काय बिघडलं? पोपटाच्या खाली कंपनीची बारीक अक्षरं येतात. ती वीस फुटांवरून ज्या टीव्हीत वाचता येतील तो पास. तक्ता मधोमध टांगायचा, म्हणजे अक्षराचा आकार ताडून पाहता येतो.

दुकान बारा फुटांचं निघालं. उरलेले आठ फूट रस्त्यात मोजावे लागले. मी रस्त्यात उभी, सुतळीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं सेल्समनकडे. सायकलरिक्षावाले सुतळीखालून मान वाकवून जात होते. एकाने थांबून विचारलं, "मॅडम, रोड चौडा होने वाला है क्या?" त्याच्या मागे चार जण थांबले आणि कोणाची किती जागा जाणार यावर बोलणं सुरू झालं.

निकाल — सगळे नापास! रेडीतही अक्षरं धुरकट, फुलमध्येही धुरकट. साध्यात तर होतीच. सुशिलाबाई चौथी शिकलेली, ती माझ्या शेजारी उभी राहून खडाखडा वाचत होती. तिने दुकानात शिरतानाच जवळून पाठ केली असतील.

मी आत जाऊन शेठला स्पष्ट सांगितलं, एचडी-बिचडी सगळी लबाडी आहे, तुमचे सगळे टीव्ही सारखेच आहेत आणि तुम्ही खेड्यावरच्या लोकांना फसवता. शेठ म्हातारा, सभ्य माणूस. म्हणाला, "बहनजी, काँच पर धूल होगी." आणि धोतराचा सोगा खोचून स्वतः पुसायला लागला. चार टीव्ही पुसले. तरी तेच.

बसमध्ये सुशिलाबाई माझ्याशी बोलली नाही. तिला त्या शेठची दया आली म्हणे.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

सोनिकाचा फोन! सून स्वतःहून कधी फोन करत नाही. तिलक ऑफिसला गेला होता. हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही मोठाच टीव्ही घ्या. यांचं नका ऐकू. तिथेच बरं आहे तुमचं."

मला इतका आनंद झाला की चप्पल न घालताच सुशिलाबाईकडे गेले. माझी सून माझ्या बाजूची आहे म्हणून सांगितलं. तिने मशीन थांबवलं, सुई वर केली आणि म्हणाली, "म्हंजे ते तुमाले नागपूरले येऊ नोका म्हणून राहिली."

परत आले. चप्पल नव्हती ते येताना कळलं, खडे टोचले तेव्हा.

खरंच असेल ते. लग्नाला चार वर्षं झाली, कधी उलटून बोलली नाही. पण गेल्या वर्षभरात सरळही बोलली नाही. इकडे आली तरी माझ्यासमोर दोन मिनिटं बसत नाही, काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. मी तिचं काय केलं? मला स्वतःला जायचं नाही ही गोष्ट वेगळी, आणि तिला मी नको ही वेगळी. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इथे लिहिते, आणखी कोणाला सांगणार नाही.

२० ऑक्टोबर

चाळीस इंची, फुल एचडी. आता नागपूरने पाया पडून बोलावलं तरी जाणार नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा

टीव्ही आणला. शेठने मला पाहिलं आणि आधी फडकं हातात घेतलं. मी म्हटलं, राहू द्या, फरक दिसो न दिसो, मोठा आहे ना, तो द्या. त्याने पैसे घेतले, आपट्याची पानं दिली, वर म्हणाला, "अब आराम से पिक्चर देखना, बहनजी." त्या दिवशीचं त्याने मनात ठेवलं नव्हतं.

मालवाहू टेम्पोत खोका मध्ये, मी एका बाजूला, सुशिलाबाई दुसऱ्या बाजूला. गावात शिरताना लोकांना वाटलं आम्ही कोणाला दवाखान्यातून आणतोय. दोघं-तिघं धावत आले. खोका पाहून निराश झाले असं नाही म्हणता येणार, पण विचारलं मात्र, "कोण सिरीयस हाय जी?"

सुशिलाबाईने पडद्यालाच कुंकू लावलं. मी मागच्या बाजूला लावायला सांगितलं होतं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

खुशाल आला. गावातले डिश, पंखे, मोटारी सगळं तोच पाहतो. तीस वर्षांचा बाप्या आहे, दोन पोरांचा बाप, पण माझ्या हातचा. पायाळू जन्मला होता — आधी पाय, मग डोकं. कामही तसंच करतो. आधी भोक पाडतो, मग मोजतो.

टीव्हीला चार भोकं लागतात. भिंतीत सात झाली. "राहू द्या जी सिस्टर, तीन जादा असू द्या. कॅलेंडर टांगजा." मी रागावले, पण मनातून बरं वाटलं. सात भोकांचं घर सोडून कोणी जातं का?

छतावर नवी छत्री, टीव्हीखाली एचडीचा नवा डबा. सिनेमाचं चॅनल लावलं, दार लावलं, खुर्चीत बसले.

धुरकट.

२८ ऑक्टोबर

धुरकट.

४ नोव्हेंबर, रविवार

खुशाल तिसऱ्यांदा आला. पहिल्यांदा छत्री फिरवली, दुसऱ्यांदा डबा बदलला, आज वायर बदलली. तरी नायकाच्या तोंडाभोवती धुकं आणि दिव्याभोवती गोल कडी. तो म्हणे, "सिस्टर, देवाशपथ, मले त साफ दिसून राहिलं." मी म्हटलं, तुला दार कुठे आहे तेसुद्धा साफ दिसलं नव्हतं म्हणून उलटा आलास. तो हसला. माझं बोलणं लागत नाही त्याला. पण जाताना टीव्हीकडे पाहायच्या ऐवजी माझ्याकडेच जरा वेळ पाहत उभा राहिला.

रात्रीचं सोडा, दिवसाही सिनेमा पाहवत नाही. डोकं दुखतं. जुना हिरवा होता, पण निदान हिरवा आहे हे कळत तरी होतं.

१४ नोव्हेंबर

दिवाळीला तिलक-सोनिका आले नाहीत. सोनिकाची तब्येत बरी नाही. काय होतंय विचारलं तर तिलक म्हणाला, "काई नाई, थकवा." थकवा! सासूचं तोंड पाहायचं नाही याला हल्ली थकवा म्हणतात वाटतं. चिवडा पोस्टाने पाठवला.

२१ नोव्हेंबर, बुधवार — मंडई

सकाळपासून वडे तळत होते. मंडईला पाहुणा दारात आला की तो खाल्ल्याशिवाय जात नाही आणि आपणही जाऊ देत नाही. यंदा टीव्हीची बातमी पसरली होती, त्यामुळे लोक आधी माझ्याकडे आणि मग मंडईत. एका वेळी सव्वीस माणसं मोजली मी, त्यात चौदा माझ्या हातची.

सगळ्यांना विचारलं, सांगा बापा, धुरकट दिसतं की नाही? एकजात सगळे म्हणाले, साफ आहे, काच आहे नुसती. मी म्हटलं, वडे खाल्लेत म्हणून गोड बोलता.

तिरोड्याकडची रुख्माबाई आली होती. पंचाहत्तरीची आहे. नऊ वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिराला यायला तयार नव्हती, मी तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं होतं. सगळे टीव्हीकडे पाहत होते, ही एकटी माझ्याकडे पाहत होती.

म्हणाली, "सिस्टर, मी आली तवा तुमी मले 'ये सुशिला' म्हटलं."

मी म्हटलं, गडबडीत म्हटलं असेल.

"वड्यात मीठ दोनदा हाय. दाण्याची चटणी समजून मले तिखटाचा डबा देल्ला." मग हळूच म्हणते, "मी तवा सुनेशी भांडत होती, का कंदिलाची काच पुसत नाई म्हणून. तुमी का म्हटलं होतं मले, आठवते? रुख्माबाई, कंदिलाची नाई, डोयाची काच पाहा."

खोलीत सव्वीस माणसं. टीव्हीवर कोणीतरी गाणं म्हणत होतं. खुशालही होता, तो वड्याकडे पाहत बसला.

मी म्हटलं, चहा ठेवते.

२२ नोव्हेंबर

पाहुणे गेल्यावर तक्ता काढला. खुशालच्या जादा भोकात खिळा ठोकून टांगला. वीस फूट मोजून उभी राहिले. डावा डोळा झाकला. पहिलं अक्षर वाचलं, तेसुद्धा पाठ होतं म्हणून. उजवा झाकला. तिसऱ्या ओळीवर अडले.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. मला!

तीनशेच्या वर माणसं मी शिबिराला नेली. प्रत्येकाला रागावले, "वर्षभर दिसत नव्हतं तरी कळलं कसं नाही तुम्हाला?" आता मला विचारा. कळत नाही. टीव्ही खराब आहे असं वाटतं, शेजारीण खोटं बोलते असं वाटतं, शेठ लबाड आहे असं वाटतं. रोगी मी आणि तपासला दुकानातला माल.

त्या शेठने चार टीव्ही पुसले. धोतर खोचून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ नोव्हेंबर

तिलकला कळू द्यायचं नाही. एकटी राहते आणि वर दिसत नाही — याच्यापुढे माझी सात भोकं काय टिकणार? कळलं की तो दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन येईल.

गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं. ४ डिसेंबर. आधी उजवा. सुशिलाबाई सोबत येईल, थेंबही तीच टाकेल. तिला शपथ घातली. तिच्यावर मी पोपटापासून संशय घेतला, त्याची माफी मागितली. म्हणाली, "माफी नोका मागू जी. पण खालची ओळ मी खरंच वाचली होती."

१ डिसेंबर, शनिवार

खुशालने तिलकला फोन केला! "टीव्ही ठीक हाय, आईचे डोये पाहा," म्हणून. याला मीच बाहेर काढला होता, आता पश्चात्ताप करून उपयोग नाही. तिलक परवा येतोय. आठ दिवसांची रजा टाकून.

३ डिसेंबर, सोमवार

तिलक आला. पाया पडला. भिंतीकडे पाहिलं, भोकं मोजली, ओठ हलताना दिसले. आता सुरू होईल म्हणून मी कंबर कसून बसले. उत्तरं तयार होती माझी, अकरा.

तो नागपूरचा शब्दच बोलला नाही. भात टाकतो म्हणाला.

याची मला जास्त भीती वाटते.

४ डिसेंबर

झालं. पट्टी आहे. लिहू नका म्हणतात.

५ डिसेंबर

पट्टी काढली. घरी आल्यावर पहिल्यांदा कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं दिसलं. मग दुसरं. मग तिसरं. सुशिलाबाई दिवसातून चारदा येते, एकदा तरी सांगावं की नाही! ती म्हणाली, "मले वाटलं, तुमाले चालते."

८ डिसेंबर, शनिवार

आज पाहिला! पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत!

तोच सिनेमा लागला जो शहाऐंशी साली पाहताना उठले होते. नायकाला पाठीत गोळी लागते, तिथेच दारात सायकल आली होती. तेव्हा जुळं झालं होतं, दोन्ही मुली. आज पुढचं पाहिलं. गोळी लागून तो वीस मिनिटं बोलतो. मग उठतो. मग त्याचं लग्न होतं! एवढ्यासाठी मी सव्वीस वर्षं थांबले? म्हणजे लग्न झालं म्हणणारेही खरे आणि मेला म्हणणारेही जवळजवळ खरे. तरी मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. आणि काय दिसत होतं! नायकाच्या गळ्यावरची पावडर, नायिकेच्या केसातली पिन, मागे कापडावर रंगवलेल्या डोंगराला पडलेली घडी. एचडी लबाडी नाही. शेठला जाऊन सांगायचं आहे.

मग सहज शेजारी पाहिलं. तिलकचं सिनेमात लक्ष नव्हतं, तो हातातल्या फोनकडे पाहत होता. त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत. चौतीस वर्षांचा पोरगा. डोळ्यांखाली काळं, गाल आत गेलेले. हे कधीपासून? वर्षभर येत-जात होता आणि मी त्याला धुरकटच पाहत राहिले. विचारलं, काय रे, झोपत नाहीस का? म्हणाला, "थेंबांची वेळ झाली आई. मान वर कर."

१० डिसेंबर, सोमवार

उद्या जायचाय. दिवसातून पाच-सहा वेळा अंगणात जाऊन हळू बोलतो फोनवर. कुलपाचं नाव अजून काढलं नाही. म्हणजे मी जिंकले. बरं का वाटत नाही कळत नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

बॅग भरता भरता बोलला. सोनिकाला तिसरा महिना आहे. याआधी दोनदा गेलं — गेल्या वर्षी एकदा, या मार्चात एकदा. मला कळू दिलं नाही. "सोनिका म्हणे, आईनं अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली, त्यांले मी का तोंड दाखवू. आई, मी तुले तुह्यासाठी नव्हतो बोलावून राहिलो." डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय. तिची आई देवरीहून आली आहे, ती परवा परत जाते.

खूप रडले. ऑपरेशनच्या डोळ्याने रडू नये, हे मीच लोकांना सांगत आले.

दुपारच्या गाडीने निघतोय, तिलक आणि मी, दोघंही. थेंब गाडीत टाकू. खुशालला बोलावून टीव्ही उतरवला. त्यांच्याकडचा एवढासा आहे आणि तिला महिनोन्महिने पडून राहायचं आहे. खोका सुशिलाबाईला दिला होता, त्यात तिची कोंबडी अंड्यांवर बसली आहे. सुशिलाबाई कोंबडीला उठवायला निघाली, मी तिचा हात धरला. टीव्ही गोधडीत गुंडाळला.